अंतस्थ खर्च, मामलेदार आणि क्रॉफर्डसाहेब

मुंबईत राहून क्रॉफर्ड मार्केटला कधीच गेलो नाही, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. लग्नाची खरेदी असो, दिवाळीचे फटाके असोत, नाहीतर आंब्याची पेटी... पाय तिकडे वळतातच. १८६९ साली ही इमारत पुरी झाली. दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची, म्हणजे ‘जंगल बुक’वाल्या रुड्यार्डच्या वडिलांची. मंडईला आता महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला विचाराल तर तो अजून ‘क्रॉफर्ड मार्केट’च म्हणतो.

हा क्रॉफर्ड कोण, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. १८६५ साली मुंबईला पहिल्यांदा म्युनिसिपल कमिशनर नेमला गेला, तो हा. गटारं, रस्ते, पाणी, बाजार, सगळीकडे त्याने झपाट्याने कामं काढली. पैसाही तितक्याच झपाट्याने उधळला. करदाते चिडले, मोठी चळवळ झाली आणि १८७१ मध्ये त्याला जावं लागलं. गंमत म्हणजे त्याही वेळी तरुण फिरोजशहा मेहता त्याच्या कामाच्या बाजूने बोलले होते. माणूस कर्तबगार आहे, कारभारावर लोकांचं नियंत्रण नाही ही खरी अडचण आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

शाळेच्या पुस्तकात क्रॉफर्डची गोष्ट आलीच तर इथेच संपते. मला सांगायचीय ती पुढची, १८८८ सालची. पुण्याची.

पण त्याआधी ही गोष्ट आत्ता का आठवली ते सांगतो. माझा एक भाचा आहे, नाव नाही घेत (आईला कळेल की मामाने सगळं लिहिलं). स्थापत्य अभियंता आहे, एका ठेकेदार कंपनीत साइटवर असतो. झालेल्या कामाचं मोजमाप वहीत भरायचं आणि सही करायची, हे त्याचं काम. वहीत जे भरलं जातं आणि जमिनीवर जे झालेलं असतं, त्यात फरक असतो. त्या फरकाचे पैसे होतात आणि ते ठरल्या टक्केवारीने वरपासून खालपर्यंत वाटले जातात. भाच्याच्या टेबलावरही दर महिन्याला एक पाकीट येऊ लागलं. त्याने फोन केला आणि विचारलं, “मामा, सगळेच घेतात. मी घेतलं नाही तर रस्ता काही जाड होणार नाहीये. माझ्याजागी दुसरा येईल, तो सही करेल. मग मी नक्की कशासाठी नाही म्हणू? घराचा हप्ता तर चालू आहे.”

प्रश्न प्रामाणिक होता. ‘अरे, संस्कार!’ असं म्हणून फोन ठेवता आला असता, पण त्याला संस्कार आहेत म्हणूनच तर त्याने फोन केला होता. ज्याला काहीच टोचत नाही तो मामाला कशाला विचारेल?

मला इतिहासाचं वेड, हे घरातल्या मंडळींना ठाऊक आहेच. सरळ उत्तर सुचलं नाही की मी मागे मागे जातो. याही वेळी गेलो, तो थेट पेशवाईत पोचलो.

पेशवाईतल्या मामलेदारावर म्हणे कडक पहारा असे. त्याच्या कचेरीत मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरखदार असत. त्यांना मामलेदार आपल्या मर्जीने काढू शकत नसे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने शिक्का मारायचा. कागदावर इतकी चोख व्यवस्था आजच्या एखाद्या ऑडिटवाल्यालाही सुचणार नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली या मुलखाचा सविस्तर अहवाल लिहिला. त्यात या व्यवस्थेचं पुढे काय झालं ते सांगितलंय, आणि ते वाचताना मी अक्षरशः थांबलो.

मामलेदार रयतेकडून सरकारी साऱ्यापेक्षा काही जादा रक्कम वसूल करी. तिचं नाव ‘दरबार खर्च’ किंवा ‘अंतस्थ’. अंतस्थ म्हणजे आतला, गुपित. पुण्यातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यायची ही लाच. वर्षानुवर्षं ती जात राहिली, म्हणता म्हणता तिची रक्कम ठरून गेली, आणि एक दिवस ती चक्क हिशेबात लिहिली जाऊ लागली. बाकीच्या खर्चासारखी तीही तपासली जाऊ लागली! आता लाच उघड आणि कायदेशीर झाली म्हटल्यावर तिचा लाच म्हणून उपयोग उरेना. मग काय करायचं? तर तिच्यावर आणखी एक नवी गुपित वसुली सुरू झाली. आणि या नाजूक विषयात कोणी फार खोलात शिरत नसल्यामुळे मामलेदार वरच्यांच्या नावावर गोळा करी, आणि त्यातलं बरंचसं स्वतःच ठेवून घेई.

यात चोरी आहे ती आहेच, पण मला जास्त धक्का दिला तो नवीन माणसाच्या विचाराने. समजा एखादा तरुण कारकून अशा कचेरीत कामाला लागला. ‘दरबार खर्च’ त्याच्यासमोर इतर खर्चाच्या ओळीतली एक ओळ म्हणून येतो. त्याला कोणी ‘ये, आपण चोरी करू’ असं म्हणत नाही. ‘हे असंच लिहितात’ एवढंच सांगतात. भाच्यालाही पहिल्या महिन्यात कोणीतरी हेच सांगितलं होतं. अप्रामाणिक कचेरी माणसाला पाप करायला लावते असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा ती फक्त शब्द बदलते. लाचेला खर्च म्हणते, वाटणीला पद्धत म्हणते. शब्द एकदा तोंडात बसला की पुढचं आपोआप होतं.

दुसऱ्या बाजीरावाने पुढे हीही भानगड ठेवली नाही. परगणे मक्त्याने देऊ लागला. जो जास्त बोली लावेल त्याला वसुली. ज्याने स्वतःच पैसे भरून जागा घेतली त्याच्याकडून रयतेला दया कशी मिळणार? त्याला आधी आपलं भांडवल सोडवायचं असतं. हा मक्त्याचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता इंग्रजांकडे वळू. ते काही धुतल्या तांदळासारखे आले नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीचा कोवळा ‘रायटर’ म्हणजे कारकून इकडे येई तेव्हा त्याचा पगार असे वर्षाला पाच पौंड. वर्षाला! पाच पौंडांत कोणी समुद्र ओलांडून मरायला येत नसे (आणि मरत तर ढिगाने). कंपनीलाही हे ठाऊक होतं. पगार नावापुरता, बाकी तुम्ही तुमचा खासगी व्यापार करा, असा तो अलिखित करार होता. बंगालात या लोकांनी कंपनीचा दस्तक दाखवून आपला खासगी माल जकात न भरता हिंडवला. देशी व्यापारी मेला. मीर कासिमने चिडून १७६३ साली सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली, म्हणजे निदान सारखेपणा तरी येईल. त्यावरून लढाई झाली आणि १७६४ साली बक्सार घडलं.

त्याआधी १७५७ मध्ये प्लासी झाल्यावर क्लाइव्हने स्वतः मीर जाफरकडून सव्वादोन लाख पौंडांहून अधिक रक्कम घेतली होती, वर सालीना सत्तावीस हजार पौंडांची जहागीर. आणि तोच क्लाइव्ह १७६५ साली परत आला तो कशासाठी? तर कंपनीच्या नोकरांचा भ्रष्टाचार मोडून काढायला! यापुढे नजराणे घेणार नाही, असे करार त्याने सगळ्यांकडून लिहून घेतले. खालच्या लोकांच्या मनात काय आलं असेल याची कल्पना तुम्हीच करा. आपल्याकडेही नवीन आलेला साहेब ‘पारदर्शक कारभारा’वर भाषण देतो तेव्हा मागच्या रांगेत जी खसखस पिकते, तीच असणार.

पण क्लाइव्हला एक गोष्ट कळली होती. नुसती बंदी घालून भागत नाही, माणसाच्या पोटाचं बघावं लागतं. त्याने मीठ, तंबाखू आणि सुपारीच्या मक्तेदारीतून वरच्या नोकरांना हिस्सा द्यायची टूम काढली. ती कंपनीच्या संचालकांनी बंद करवली. पुढे १७८६ साली कॉर्नवॉलिस आला आणि त्याने सरळ मार्ग धरला, पगार वाढवा. कलेक्टरला महिना दीड हजार रुपये आणि वर वसुलीवर कमिशन. बदल्यात खासगी व्यापार बंद. हे बऱ्याच अंशी चाललंही. ज्या नोकरवर्गाची एका पिढीपूर्वी लुटारू म्हणून ख्याती होती, तोच पुढे आपल्या सचोटीचा टेंभा मिरवू लागला.

मात्र ही युक्ती गोऱ्यांपुरती होती. वरच्या जागांतून हिंदी माणसाला बाहेर ठेवलं, खालच्या जागांवर तुटपुंजा पगार दिला, आणि वर ‘हे लोक मुळातच अप्रामाणिक’ असा शेरा मारला. थॉमस मन्रोने तेव्हाच आपल्या जातभाईंना सुनावलं होतं, की तुमचा पगार कमी होता तेव्हा तुम्हीही हेच करत होता. तुम्ही सुधारलात ते पगार वाढला म्हणून. मग दुसऱ्याकडून त्याविना सचोटीची अपेक्षा कशी करता? एका इंग्रज अधिकाऱ्याने असं म्हणावं, याचं मला कौतुक वाटतं.

म्हणजे उत्तर सापडलं का? पोटभर पगार द्या, माणूस प्रामाणिक राहील?

इथे क्रॉफर्डसाहेब पुन्हा हजर होतात.

१८८८ साली हा गृहस्थ मध्य विभागाचा कमिशनर होता, मुक्काम पुणे. बड्या सिव्हिलियनचा दणदणीत पगार. आणि तरीही कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला! उधळ्या स्वभाव मुंबईतच दिसला होता, तो वयाबरोबर वाढला. सावकारांची देणी, त्यांचं व्याज, ते फेडायला नवं कर्ज. आणि हातात काय होतं? तर मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या. हणमंतराव इनामदार नावाचा त्याचा मध्यस्थ होता. मामलेदारांपर्यंत निरोप जाई. चांगला तालुका हवाय? बढती हवीय? बदली टाळायचीय? त्याचा दर ठरलेला. बाजीरावाचा मक्ता सत्तर वर्षांनी इंग्रजी झाला म्हणायचा. फक्त आता बोली बंद खोलीत होती.

त्या मामलेदारांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून बघा. बहुतेक सगळे शिकलेले, मध्यमवर्गी, घरात एकत्र कुटुंब. कोणाचा बाप आजारी, कोणाच्या मुलीचं लग्न ठरतंय. मामलेदार म्हणजे तालुक्यात मोठा माणूस, फौजदारी अधिकार असलेला. पण पुण्याहून आलेल्या एका कागदाने त्याला तापाच्या, पटकीच्या मुलखात फेकता येतं. समोर मध्यस्थ बसलेला. तो धमकी देत नाही. ‘साहेबांना जरा अडचण आहे’ एवढंच म्हणतो. काहींनी भीतीने दिले, काहींनी बढतीच्या लोभाने दिले. अनेकांना स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं की यातलं भीती किती आणि लोभ किती.

गव्हर्नर लॉर्ड रे याच्या कानावर हे गेलं. हा माणूस सरळ होता. त्याने पोलीस खात्याचे मुख्य ओमॅनी यांच्याकडे तपास सोपवला. पण लाचेचा पुरावा मिळणार कुठून? देणारा आणि घेणारा, दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट. घेणारा सांगणार नाही, आणि देणाऱ्याने सांगितलं तर तोच गुन्हेगार ठरतो. म्हणून सरकारने मामलेदारांना शब्द दिला, खरं सांगा, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. त्या शब्दावर विसंबून माणसं पुढे आली आणि आम्ही पैसे दिले असं त्यांनी लिहून दिलं.

विचार करा, हे केवढं धाडस होतं. एकदा पैसे देणं हा दुबळेपणा झाला. पण ते दिले हे उघड्या चौकशीत, गावासमोर, जावयासमोर, आपल्या शिपायासमोर कबूल करणं ही वेगळीच गोष्ट.

हणमंतरावावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. क्रॉफर्डसाठी तीन जणांचं कमिशन बसलं, अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन. पुण्यात कित्येक आठवडे कामकाज चाललं. निकाल काय लागला? लाचेचे आरोप सिद्ध नाहीत. आपल्याच हुकमतीखालच्या लोकांकडून कर्ज काढलं, एवढा दोष शाबीत. मुंबई सरकारला हा निष्कर्ष पटला नाही, पण कमिशनचं म्हणणं ते म्हणणं. क्रॉफर्ड नोकरीतून गेला. तुरुंगात मात्र गेला नाही. पुढे विलायतेत बसून त्याने भारताच्या आठवणींची पुस्तकं लिहिली, कोकणातल्या दंतकथांवरही लिहिलं.

आणि मामलेदार? इथे खरी गोष्ट सुरू होते. ‘लाच दिल्याची कबुली देणारी माणसं अजून न्यायाच्या खुर्चीवर बसलीयत’ असा गिल्ला इकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी केला, तो विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोचला. आक्षेप अगदीच चुकीचा होता असं नाही. ज्याने पैसे देऊन खुर्ची घेतली त्याच्यापुढे गरिबाने न्याय मागावा? पण मग दिलेल्या शब्दाचं काय? १८८९ साली या साक्षीदारांवर खटले होऊ नयेत असा कायदा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात झाला. तरी नोकरीचं अभय काही सगळ्यांना मिळालं नाही. ज्यांनी आपणहून बढतीसाठी पैसे चारले असं ठरलं, त्यांना घरी बसवलं. सरकारने ज्यांना ‘बोला’ म्हटलं, त्यांतलेच काही बोलल्याबद्दल बुडाले.

पुण्यात यावर १८८९ च्या सप्टेंबरात सभा झाली. मामलेदारांची बाजू घेऊन उभे राहिले ते टिळक. लोकमान्य व्हायचे होते अजून, वय तेहतीस. ही माणसं निर्मळ आहेत, असा त्यांचा दावा नव्हता. मुद्दा एवढाच, की सरकारने शब्द दिलाय, तो पाळला पाहिजे. शब्द मोडलात तर उद्या कोणी खरं सांगायला पुढे येणार नाही. मला हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो.

आता जरा त्याच वर्षांतल्या त्याच पुण्यातली दुसरी बाजू बघा. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये. आगरकर एम. ए. होते, सरकारी नोकरीत सहज मोठ्या पगारावर गेले असते. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांसाठी देईन, असं त्यांनी विद्यार्थी असतानाच आईला पत्राने कळवून टाकलं होतं. आणि टिळक १८९० साली या संस्थेतून बाहेर पडले, ते कशावरून? त्यातला एक मोठा वाद असा होता, की आजीव सदस्याने बाहेरची कामं आणि बाहेरची प्राप्ती करावी का. ७५ रुपयांवरून ही माणसं भांडत होती, ते ७५ फार कमी आहेत म्हणून नाही. त्यावर आणखी मिळवणं योग्य का, म्हणून! आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला हजारोंनी कमावणारा साहेब बदल्या विकत होता.

रामशास्त्री प्रभुण्यांचीही आठवण होते. १७७३ साली नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर दोषी सांगून ते पुणं सोडून वाईजवळ जाऊन राहिले, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्यांच्याविषयी एक लहानशी गोष्ट नोंदवलीय, ती कोणी सांगत नाही. शास्त्रीबुवा घरात एका दिवसाला पुरेल त्याहून जास्त ठेवत नसत. आपण हे त्यागाचं उदाहरण म्हणून ऐकतो. मला त्यात व्यवहार दिसतो. ज्याचं घर एका दिवसावर चालतं, त्याला पुणं सोडायला किती वेळ लागणार?

म्हणजे कॉर्नवॉलिसचं गणित अर्धंच खरं होतं. पाच पौंडांत माणूस प्रामाणिक राहत नाही हे खरं. पण हजारो रुपयांतही राहील याची खात्री नाही, कारण प्रश्न पगाराचा नसून पगार आणि गरज यांच्यातल्या अंतराचा आहे. क्रॉफर्डचं ते अंतर उलटं पडलं होतं, आणि त्या खड्ड्यात त्याची सगळी हुशारी गेली.

पण थांबा. साधी राहणी ठेवा म्हणजे झालं, असं म्हणून मी सुटणार नाही. आमचे अण्णा एका सरकारी कचेरीत होते (कुठल्या ते राहू दे). तिथे शनिवारी दुपारी वाटणी होई. अण्णा घेत नसत. भाषणही देत नसत. सगळ्यांबरोबर चहा घेत आणि वाटणीच्या वेळी फायली ठेवायला आत जात. एवढ्यावरही त्यांच्या अकरा वर्षांत चार बदल्या झाल्या, कारण न घेणारा माणूस शेजारी असला की घेणाऱ्याला उकडतं. आम्ही सगळे अण्णांचं कौतुक ऐकत मोठे झालो. पण त्या चार बदल्यांत चार वेळा बिऱ्हाड बांधलं ते आईने. लोकांचे ब्लाउज शिवून ताईच्या कॉलेजची फी भरली तीही आईने. तिला कोणी कधी विचारलं नव्हतं, की तुला हे चालेल का. प्रामाणिकपणाचा हप्ता बहुधा घरातलं दुसरंच कोणीतरी भरत असतं. थोरांच्या चरित्रांत हे प्रकरण नसतं.

म्हणून मी भाच्याला पहिल्यांदा सांगितलं, की बायकोशी बोल. पाकिटाचं नाही, हप्त्याचं बोल. सहा महिने पगाराविना निघतील एवढी गंगाजळी दोघांनी मिळून आधी कर. ‘नाही’ हा शब्द तोंडातून निघायला बँकेत थोडा आधार लागतो. ज्याला उद्या नोकरी सोडता येत नाही, त्याला आज सहीला नकार देता येत नाही. आणि तोवर? तोवर पाकीट परत कर, आणि जे मोजलंस तेच लिही. वहीतला आकडा बदलायला सांगितला, तर तसं लेखी माग. लेखी कोणी देत नाही.

‘मी नाही केलं तर दुसरा करेल’ यावर त्याला म्हटलं, हे अगदी खरं आहे. पण तो दुसरा करेल. वहीत त्याची सही असेल. रस्ता तुझ्याने जाड होणार नसला, तरी तू काही रस्त्याचा मालक नाहीस, तू सहीचा मालक आहेस.

हे सांगणं सोपं, याची मला कल्पना आहे. २००३ च्या नोव्हेंबरात सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याला गयेत गोळ्या घालून मारलं. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ते नाव गुप्त राहिलं नाही. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, पेट्रोलमधली भेसळ पकडणाऱ्या मंजुनाथ षण्मुगमचा उत्तर प्रदेशात खून झाला. आवाज उठवणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला तो २०१४ साली, आणि तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षं निघाली नाही. ‘शब्द दिला तर पाळा’ हे टिळकांचं म्हणणं सव्वाशे वर्षांनीही तिथेच उभं होतं.

आणि मामलेदारांचा जुना पेच? तोही तसाच. १९८८ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात लाच दिल्याची कबुली देणाऱ्याला संरक्षण होतं. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. आता लाच देणाराही गुन्हेगार, मात्र त्याला भाग पाडलं गेलं असेल आणि त्याने सात दिवसांत तक्रार केली, तर तो सुटतो. भीतीने दिले की लोभाने, हाच प्रश्न १८८९ साली मामलेदारांना विचारला गेला होता. त्यांना निदान सात दिवसांची मुदत नव्हती!

भाच्याने पाकीट परत केलंय. अजून काही झालेलं नाही, फक्त त्याच्या टेबलाशी चहाला येणारी माणसं कमी झालीयत. तो दुसरी नोकरी शोधतोय. पगार बहुधा कमी असेल.

शेवटी एक विचार राहून राहून येतो. क्रॉफर्ड प्रकरणाचे कागद उघडले की ज्यांनी पैसे दिले त्यांचा पत्ता लागतो, कारण चौकशी त्यांची होती. पण ज्यांच्याकडे मध्यस्थ आला आणि ज्यांनी ‘जमणार नाही’ म्हणून गपचूप बैलगाडीत सामान भरलं, दूरच्या तालुक्यात जाऊन तापाने कुडकुडत फायली लिहिल्या, असेही कोणीतरी असणारच. त्यांनी काही दिलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल नोंदवण्यासारखं काही नव्हतं. बाजाराला क्रॉफर्डचं नाव मिळालं. यांच्या नावाची पाटी कुठे नाही.

पण त्यांच्या घरात कोणीतरी त्यांच्याबद्दल बोललं असेल. एवढं तर नक्कीच.